आकडा सुधारला; धाप का थांबत नाही?

अवटू ग्रंथीचा, म्हणजेच नित्याच्या बोलण्यातील थायरॉईडचा, विकार आता मध्यमवर्गीय घरात रक्तदाबाइतकाच परिचयाचा झाला आहे. ग्रंथी मंदावली की रोज सकाळी एक बारीकशी गोळी घ्यावयाची आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यावयाचे, एवढ्यावर त्याची बोळवण होते. हा उपचार गुणकारी आहे, याविषयी दुमत नाही. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ज्या स्त्रीवर उपचार केले, ती पुढे २८ वर्षे जगली. १९२७ मध्ये थायरॉक्सिन कृत्रिम रीतीने तयार झाले आणि पुढे हे औषध सामान्यांच्या आवाक्यात आले.

परंतु गोळी नेमाने घेऊनही जिना चढताना ज्यांना धाप लागते, रात्री ज्यांचा श्वास अडतो, अशा रुग्णांचे काय? यांत स्त्रियांची संख्या मोठी, कारण हा विकारच स्त्रियांत अधिक. ‘तुमचा टीएसएच नॉर्मल आहे’ असे सांगून त्यांची तक्रार निकालात काढली जाते. फार तर वजन कमी करण्याचा, नाही तर मन रमविण्याचा सल्ला मिळतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ही विचारसरणी ओळखीची वाटेल. महागाईचा निर्देशांक उतरला म्हणून प्रत्येक घरातील चूल सुखाने पेटते असे नव्हे. टीएसएच हाही एक निर्देशांकच आहे. शरीराला थायरॉक्सिनचा पुरवठा पुरेसा होतो की नाही, एवढेच तो बहुधा सांगतो; हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांविषयी तो मौन पाळतो.

धापेची कारणे निरनिराळी, किंबहुना परस्परविरोधीही असतात. मात्रा अपुरी असेल तर श्वसनाचे स्नायू दुर्बल राहतात. विकार बळावलेला असल्यास फुप्फुसांभोवती वा हृदयाभोवती पाणी साचते. मात्रा अधिक झाली तर छाती धडधडते आणि नाडी अनियमित होते. म्हणूनच वृद्धांना व हृदयविकाराच्या रुग्णांना २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेपासून प्रारंभ करावा लागतो. वाढलेला गलगंड श्वासनलिका दाबतो, तो रक्ताच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी मानेवरून हात फिरवावा लागतो.

आणि पुष्कळदा दोष थायरॉईडचा नसतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयानेही धाप लागते. त्यावर दिलेली लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतली, तर ती दुसरीचे शोषण रोखते. दोहोंत सुमारे चार तासांचे अंतर हवे, ही साधी गोष्ट किती जणींना सांगितली जाते?

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत प्रत्येकाची कहाणी ऐकण्यास डॉक्टरांना सवड कोठून मिळणार, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु येथे मागणी महागड्या यंत्रांची नाही. मानेची व नाडीची तपासणी, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे आणि हृदयाचा आलेख, एवढ्यावर बऱ्याच प्रकरणांत दिशा सापडते. धापेचे कारण वेळीच न शोधल्याने बुडणारा रोज, पुनःपुन्हा होणारा प्रवासखर्च आणि अखेरीस रुग्णालयात भरती होण्याची पाळी यांचा हिशेब मांडला, तर ती दहा मिनिटे कोणत्याही अंदाजपत्रकास परवडतील. ग्रामीण रुग्णालयात या तपासण्या एकाच खेपेत झाल्या पाहिजेत. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्ततपासणी व्हावी आणि त्या वेळी श्वासाविषयीचा प्रश्न आवर्जून विचारला जावा.

रुग्णांनीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये वा वाढवू नये. स्वस्थ बसले असताना धाप लागली, छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. उपचार कागदावरील आकड्यावर करावयाचा नसून माणसावर करावयाचा आहे. त्या माणसाला श्वास पुरत नसेल, तर आकडा कितीही सुधारला तरी उपचार पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.