पायी चालणारीचा रस्ता

दरवर्षी जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियान सुरू होतं. शाळेची मुलं फलक धरून फेरी काढतात, चौकात हेल्मेटची भाषणं होतात, फोटो निघतात. मुलांना सांगितलं जातं, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे आणि मगच रस्ता ओलांडा. सांगतात ते बरोबरच आहे. पण ती फेरीसुद्धा भर रस्त्यातूनच निघते, कारण चालायला दुसरी जागाच नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही!

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज सुमारे नव्वद माणसं, ज्यांच्या हातात ना स्टिअरिंग होतं ना हँडल. सायकलवरची ४ हजार ८३६ वेगळीच. अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘बघून चालता येत नाही का?’ गाडी किती वेगात होती, हे नंतर कधीतरी विचारतात.

पायी चालतं कोण? बहुतेक घरांत गाडी एकच असते आणि ती सकाळी कामावर जाते. मागे राहिलेली सगळी कामं पायी. दळण, भाजी, बँक, दवाखाना, मुलांची ने-आण. २०११ च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना विचारलं होतं, कसे जाता? सुमारे २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलने, असं उत्तर आलं. पण दळण आणणं, लेकराला शाळेत सोडणं हे काही ‘कामावर जाणं’ नव्हे, त्यामुळे आपल्या या खेपा त्यात धरल्याच गेल्या नाहीत. जे मोजलं जात नाही, त्यासाठी रस्ता कोण करणार?

जळगावचं उदाहरण बघण्यासारखं आहे. साडेचार लाख वस्तीचं शहर, आणि त्याच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वीचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. शहर वाढलं, महामार्गाच्या दोन्ही अंगांना कॉलन्या झाल्या. घर एका बाजूला, शाळा-कॉलेज दुसऱ्या बाजूला. मधून नागपूर-सुरतचे ट्रक. बाजूने गावातल्या गावात जायला समांतर रस्ते द्या, यासाठी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पुढे चौपदरीकरण झालं, काही चौकांत अंडरपास झाले, बाहेरून बायपास आखला गेला. त्याने फरक पडतोच, नाही असं नाही. पण अशी कामं मुख्यतः गाड्या अडू नयेत म्हणून होतात. अंडरपास अर्धा किलोमीटर दूर असला, तर डोक्यावर ओझं आणि कडेवर मूल असलेली बाई तिथवर वळसा घालून जात नाही. ती दुभाजकाच्या फटीतूनच पलीकडे जाते. आणि जिथे दिवे नसतात, तिथे संध्याकाळी सातनंतर कोणती मुलगी खाली उतरेल? माणसं जिथून रोज ओलांडतात तिथेच, जमिनीवरच ओलांडायची सोय हवी आणि तिथे गाडी हळू व्हायला हवी.

गाडी हळू होणं, सगळ्यात महत्त्वाचं हेच. ताशी ३० च्या वेगाची गाडी लागली तर माणूस बहुतेक वेळा वाचतो, ५० च्या पुढे धोका झपाट्याने वाढत जातो. लहान शहरातल्या वीस-पंचवीस फुटी रस्त्यावर सायकलसाठी वेगळा पट्टा काढायला जागाच नसते. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यानेही सायकल ट्रॅक केले, त्यातले कितीतरी पार्किंगखाली गेले. त्यापेक्षा शाळा, बाजार, दवाखाना यांच्या आसपास वेगच कमी करावा. नीट आकाराचा, रंगवलेला गतिरोधक आणि अरुंद केलेला चौक, याला फार पैसा लागत नाही.

आता फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे नियम सांगतात की फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे गटारीवरचे ढापे! एक वर, एक खाली, तिसरा गायब. कुठे गुडघ्याइतका उंच, म्हणून गुडघे दुखणारी सासू खालूनच चालते.

फुटपाथचं नाव काढलं की अतिक्रमणाची गाडी येते आणि पहिली टोपली उचलली जाते ती भाजीवालीची. मला हे पटत नाही. दुकानापुढे लावलेल्या चारचाकीला कुणी हात लावत नाही, ती जागा तर चार टोपल्यांहून जास्त असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांना जागा ठरवून द्यायची आहे. त्यासाठीच्या नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात. ती बसते कायद्याने नेमून दिलेल्या जागी आणि आपण चालतो मोकळ्या जागेत, असं दोन्ही होऊ शकतं.

सायकलचा प्रश्न मुलींच्या शिक्षणाशी बांधलेला आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुली ३० टक्क्यांच्या वर वाढल्याचं अभ्यासात दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठे? एखादा डंपर घासून गेला की वडील म्हणतात, राहू दे शाळा, दहावी झाली तेवढं पुरे.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट सांगितलं, की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कोइम्बतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेतला हा आदेश. हाडं जोडून जोडून थकलेला माणूस! ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पायी चालणाऱ्यांसाठी नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदतही दिली. मात्र दिल्लीतला आदेश आपल्या गल्लीत आपोआप येत नाही.

आपल्या नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तेव्हा तुमच्या वॉर्डाच्या ताईंना एकदा सोबत घ्या आणि घरापासून शाळेपर्यंत पायी चाला, शाळा सुटायच्या वेळी. कुठे ढापा नाही, कुठे दिवा नाही, कुठे ओलांडता येत नाही, ते कागदावर लिहा, आठ-दहा जणींच्या सह्या घ्या आणि अर्ज आवक-जावकला देऊन पोच मागा. अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या दोन महिने आधी अर्ज गेलेला बरा.