निवेदन : परदेशातून परतलेल्या मुलांना आधी वर्गात बसू द्या

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : परदेशात जन्मलेल्या मराठी मुलांच्या शालेय प्रवेशातील अडचणी दूर करण्याबाबत.

महोदय,

आम्ही थेरगाव, डांगे चौक व वाकड परिसरातील पालक आणि आजी-आजोबा आहोत. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून, चाकणच्या वाहन उद्योगातून परदेशी गेलेली आमची मुले आता बिऱ्हाडासह परत येत आहेत. नातवंडांनी इथेच शिकावे, अशी साऱ्या घराची इच्छा आहे. घोडे अडते ते शाळेच्या प्रवेश अर्जापाशी.

न्यू जर्सीहून आलेल्या, सहावीत बसू पाहणाऱ्या एका मुलीच्या अर्जात आधीच्या शाळेचा यू-डायस क्रमांक आणि तिचा पर्मनंट एज्युकेशन नंबर मागितला गेला. अमेरिकेतल्या शाळेला यू-डायस क्रमांक कुठून असणार? मग आधार मागितले. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक मुलाला आधारसाठी आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. म्हणजे जूनमध्ये आलेल्या मुलाला डिसेंबरपर्यंत ते मिळणारच नाही. शिवाय प्रगतिपुस्तकावर अपोस्टिल हवे, आणि त्यासाठी कागद परत अमेरिकेला पाठवायचा. दिवाळीपर्यंत मुलगी घरीच बसली. शाळेचे नाव आम्ही घेत नाही, कारण स्पष्ट आदेश नसला की प्रत्येक शाळा आपल्यापुरता नियम लावते.

कायदा मात्र मुलांच्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ मध्ये बालकाच्या व्याख्येत ६ ते १४ हे वय आहे, नागरिकत्वाची अट नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), मुदत उलटली म्हणूनही नाही (कलम १५). शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवू नये, असे कलम ५ सांगते. पण ते खासगी विनाअनुदानित शाळांना लागू होत नाही आणि आमच्या भागातील बरीच मुले त्याच शाळांत जातात. म्हणूनच आपले परिपत्रक हवे आहे. पासपोर्ट व मागील प्रगतिपुस्तकाच्या आधारे तात्पुरता प्रवेश द्यावा, उरलेल्या कागदांसाठी एका शैक्षणिक वर्षाची मुदत असावी आणि यू-डायस प्लसवर परदेशी शाळेतून आलेल्या मुलांच्या नोंदीची सोय करून घ्यावी.

मराठीविषयी आमचे म्हणणे ठाम आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याचे आम्ही स्वागतच करतो. ही मुले आजीशी मराठीत भांडतात, हट्ट करतात, पण फळ्यावरचे जोडाक्षर त्यांना वाचता येत नाही. त्यांना सूट देऊन मोकळे होऊ नये. महापालिकेच्या थेरगाव परिसरातील एखाद्या शाळेत शनिवारी देवनागरी वाचन-लेखनाचा वर्ग सुरू करावा. शिकवायला आमच्यातील निवृत्त शिक्षक विनामूल्य येतील.

मोठ्या मुलांच्या पालकांना आणखी एक माहिती वेळेत मिळायला हवी. ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्यांना नीट किंवा जेईईतून केवळ अनिवासी भारतीय वा अधिसंख्य जागांवर प्रवेश मिळू शकतो. त्याआधीच्या कार्डधारकांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण दिले आहे. हा विषय आपल्या अखत्यारीत नाही, तरी नववीच्या प्रवेशावेळीच शाळांनी तो पालकांना लेखी कळवावा.

येत्या जूनपूर्वी परिपत्रक निघावे आणि आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ मिळावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
थेरगाव व परिसरातील पालक आणि आजी-आजोबा

प्रत : शिक्षण विभाग, पिंपरी चिंचवड महानगरपालिका