लाल ठिपक्याची किंमत



या महिन्याच्या टपालात कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आहे. थोरला मुलगा आखातात नोकरीला आहे. धाकटीचा निकाह ठरला आहे, त्यासाठी तो सुट्टीवर येतो आहे आणि येताना खिशात मावेल असा छोटा कॅमेरा आणणार आहे. तिथल्या दुकानदाराने त्याला दोन दाखवले. एक ओळखीच्या जपानी कंपनीचा, दुसरा लाल ठिपक्याचा, जर्मन नावाचा आणि चांगलाच महाग. मुलाचे मन ठिपक्यावर बसले आहे. भगिनी लिहितात, "घरात दादी आहेत. त्यांची नजर अधू झाली आहे. मोबाईलच्या पडद्यावरचे फोटो त्यांना दिसत नाहीत. या शादीचे फोटो त्यांना नीट पाहता यावेत एवढीच इच्छा आहे. जास्तीचे पैसे द्यावेत का?"

"महाग तेच चांगले" म्हणणारे आपल्या घरात असतात, तसे "नुसते नावाचे पैसे" म्हणून हात झटकणारेही असतात. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणून आम्ही शाळेत गणिताच्या तासाला करतात तसे करू. किमतीचे भाग पाडू आणि प्रत्येक भागाचे पैसे कशाला जातात ते पाहू.

आधी त्या ठिपक्याबद्दल. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ नावाचा भिंगांचा कारखाना होता. तिथले तंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक यांनी १९१४ च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरणारा लहानसा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांतून त्याचे नाव झाले लायका. त्याआधीचे चांगले कॅमेरे बहुतेक अवजड असत. हा कोटाच्या खिशात जाई आणि फोटोही स्वच्छ देई. तेव्हा हे नाव फुकट मिळालेले नाही, ते कामाने कमावलेले आहे.

पण नाव कमावले त्या कॅमेऱ्याने. आज दुकानात ठेवलेल्या प्रत्येक डबीत तेच काम असते का? याचे उत्तर द्यायला जुळ्या भावंडांचा दाखला घेऊ.

लायका आणि जपानची पॅनासॉनिक यांनी २००१ च्या सुमारास हातमिळवणी केली. तेव्हापासून लायकाचे अनेक छोटे कॅमेरे पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांवर बेतलेले आहेत. २०१८ सालची जोडी पाहा. पॅनासॉनिकचा एलएक्स १०० मार्क दोन आणि लायकाचा डी-लक्स ७. दोघांत सेन्सर एकच, १७ मेगापिक्सेलचा. भिंगही एकच, एफ १.७ ते २.८ चे. गंमत अशी, की पॅनासॉनिकच्या त्या भिंगावरही लायकाचेच नाव छापलेले आहे. म्हणजे ज्याने साधा म्हणून जपानी कॅमेरा घेतला, त्यालाही लायकाच्या नावाचे भिंग मिळालेच. अमेरिकेत एकाची किंमत सुमारे १,००० डॉलर होती, दुसऱ्याची १,१९५. फरक साधारण १९५ डॉलरचा, तेव्हाच्या दराने चौदा हजार रुपयांच्या आसपास.

या चौदा हजारांत काय मिळाले? बाहेरचे रूप वेगळे, देखणे आणि गुळगुळीत. पॅनासॉनिकला समोर बोटे अडकवायला उंचवटा आहे, लायकाला तो नाही. रंगांची जुळवणी थोडी वेगळी. जुन्या मालाच्या बाजारात ठिपक्याला भाव बरा येतो, हेही खरे. पण भिंगातून येणारा उजेड तोच आणि तो झेलणारा सेन्सरही तोच. भिंतीवर लावलेला फोटो पाहून तो कोणत्या भावंडाने काढला हे सांगणे अवघड.

याहून ठळक दाखला २०१३ चा आहे. हॅसलब्लाड ही स्वीडनची कंपनी. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्यासोबत तिचे कॅमेरे होते. या कंपनीने 'स्टेलर' नावाचा छोटा कॅमेरा काढला. आत होता आधीच्या वर्षी बाजारात आलेला सोनीचा आरएक्स १००, बाहेर सुंदर मूठ. किंमत मात्र मूळ कॅमेऱ्याच्या दुपटीहून जास्त. पुढे कंपनीने ही वाट सोडून दिली.

मग महाग कॅमेरा नेहमीच फसवा का? नाही. किमतीचा एक भाग खरोखर फोटोत उतरतो आणि तो ओळखायला दोन आकडे पुरतात.

पहिला आकडा सेन्सरच्या मापाचा. सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी काचेसारखी चकती. आयताचे क्षेत्रफळ पाचवीतली मुलेही काढतात. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात ही चकती साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरची, म्हणजे अंदाजे २८ चौरस मिलिमीटर. 'एक इंची' म्हणतात ती १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. वर सांगितलेल्या जोडीत 'फोर थर्ड्स' जातीची चकती आहे. तिचे पूर्ण माप १७.३ गुणिले १३, म्हणजे २२५ (या जोडीत तिच्या कडेचा थोडा भाग वापरात येत नाही). मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यातली 'फुल फ्रेम' ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४. आणि हो, एक इंची चकती एक इंचाची नसते. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चालत आले आहे. म्हणून नावावर न जाता मिलिमीटर विचारावेत.

अंगणात पावसाचे पाणी धरायला वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर जास्त पाणी परातीत साठणार. उजेडाचेही तसेच. मेहंदीची रात्र, मंडपातले पिवळे दिवे, रुखसतीची वेळ, या सगळ्या कमी उजेडाच्या जागा. वाटीएवढ्या सेन्सरचे फोटो तिथे दाणेदार येतात, परातीचे स्वच्छ.

दुसरा आकडा भिंगावर एफच्या पुढे लिहिलेला. तो जितका लहान, तितकी भिंगाची खिडकी मोठी. एफ १.७ च्या भिंगातून एफ ३.४ च्या भिंगापेक्षा चौपट उजेड आत येतो. आकडा निम्मा, उजेड चौपट, कारण खिडकीचे क्षेत्रफळ तिच्या रुंदीच्या वर्गाने वाढते. मेगापिक्सेलचा आकडा दुकानदार सर्वांत आधी सांगतो, पण घरगुती वापरात त्याला फारसे महत्त्व नाही. आठ बाय बारा इंचांच्या स्वच्छ छपाईला नऊ मेगापिक्सेल पुरतात.

या दोन आकड्यांसाठी जास्त पैसे मोजणे हा शहाणपणाचा खर्च आहे. लायकाचाच २०१५ चा 'क्यू' घ्या. त्यात फुल फ्रेम सेन्सर आणि एफ १.७ चे भिंग. तो कोणाचा जुळा नव्हे, तिथे पैसा आतल्या मालाला जातो. पण किंमत होती ४,२५० डॉलर, तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या आसपास, आणि भिंगाला झूम नाही. व्यावसायिकाला तो परवडेल. शादीचे घर त्या पैशांत किती कामे उरकेल, हे आम्ही सांगायला नको.

ही पारख मोबाईल घेतानाही उपयोगी पडते. शाओमीच्या फोनवर लायका, विवोवर झाइस अशी नावे आपल्या बाजारात दिसतात, वनप्लसवर २०२५ पर्यंत हॅसलब्लाडचे नाव असे. त्या कंपन्यांचा रंग आणि भिंगांच्या कामात सहभाग असतो, पण त्या नावासोबत जुना जर्मन किंवा स्वीडिश कॅमेरा फोनच्या आत येत नाही. तिथेही सेन्सरचे माप विचारा. दिवसाउजेडी जवळून काढायच्या फोटोंना घरातला बरा फोन पुरेसा आहे. वेगळा कॅमेरा हवा तो रात्रीच्या उजेडासाठी आणि लांबून झूम करण्यासाठी. ही गरज नसेल तर दोन्ही कॅमेरे दुकानातच राहू द्यावेत.

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एक. लायकाचे नाव जगभर ज्यांच्या फोटोंनी गाजले, त्यांत फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ अग्रणी. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. गांधीजींचे अखेरच्या काळातले आणि अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. हे गृहस्थ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवत, म्हणजे समोरच्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे जाऊ नये. ज्याला फोटो हवा होता, त्याला कॅमेरा मिरवायचा नव्हता.

तर भगिनींना आमचे उत्तर असे. मुलाला सांगा, दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सरचे माप आणि भिंगाचा एफ आकडा कागदावर लिहून आण. आकडे सारखे निघाले तर जपानी कॅमेरा घ्या. वेगळे निघाले तर ज्याचा सेन्सर मोठा आणि एफ लहान तो घ्या, मग ठिपका असो वा नसो. बिल जपून ठेवायला सांगा, वॉरंटी भारतात चालते का हे दुकानातच विचारून लिहून घ्यायला सांगा. विमानतळावर सवलतीची मर्यादा ओलांडली तर कस्टम भरावे लागते, ते किमतीत आधीच धरा. निकाहच्या आधी महिनाभर तरी कॅमेरा हाती असावा, सराव नसलेला हात महाग कॅमेऱ्यालाही हलवतो.

मुलगा हौसेने, स्वतःच्या कमाईतून ठिपकाच घेतो म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. परदेशात एकट्याने राबणाऱ्याला एखादी सुंदर वस्तू आवडली तर तो गुन्हा नाही. फक्त तो पैसा हौसेच्या खात्यात लिहा, फोटोच्या खात्यात नको.

आणि जी रक्कम वाचेल तिचे काम पत्रातच लिहिलेले आहे. शादीचे निवडक चाळीस-पन्नास फोटो मोठ्या आकारात, जाड कागदावर छापून घ्या. एका पानावर एकच फोटो, चेहरा मोठा दिसेल असा. तो अल्बम दादींच्या मांडीवर ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर त्यांना जे दिसत नाही, ते कागदावर दिसेल.