संत्रा तोडणी मजुरांच्या अन्नहक्काबाबत निवेदन

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, मोर्शी, जि. अमरावती

विषय : स्थलांतरित तोडणी मजुरांना मुक्कामी रेशन व आहार मिळणे आणि त्याची माहिती भजन-पथनाट्यातून पोहोचवणे.

महोदय,

आंबिया आणि मृग बहाराच्या तोडणीला धारणी-चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबे आपल्या तालुक्यात येऊन बागांतच मुक्काम करतात. त्यांचे रेशन गावी राहते आणि इथे मजुरीतून धान्य विकत घ्यावे लागते. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत आपले धान्य कोणत्याही रास्त भाव दुकानातून उचलता येते. थोडे इथे, उरलेले गावच्या माणसांनी, असेही चालते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरी "तुमचा कोटा इथं नाही" एवढे ऐकून मजूर परत फिरतो.

गरोदर बाईचे हाल याहून मोठे. गावी, मेळघाटात, अमृत आहार योजनेतून शेवटच्या तीन महिन्यांत तिला अंगणवाडीत रोज एक वेळचे ताजे जेवण मिळते. मोर्शीत पाऊल टाकताच ते थांबते, कारण ही योजना आदिवासी क्षेत्रापुरती आहे. पोटातले बाळ मात्र तेच असते! अन्नसुरक्षा कायदा, २०१३ गरोदर व स्तनदा मातेला आहाराचा हक्क देतो, मग ती कुठल्याही तालुक्यात असो.

हे हक्क सांगणारा दुकानावरचा फलक अनेक कोरकू बायांना वाचता येत नाही. आपल्या जिल्ह्याने यावर वाट केव्हाच दाखवली आहे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावाला शहाणे केले. त्याच रीतीने मजुरांनी आपली हकिकत स्वतः मांडावी, असे आम्हाला वाटते.

म्हणून तोडणीच्या हंगामात आठवडी बाजारी आणि बागांच्या मुक्कामी कोरकू व वऱ्हाडीतून भजन, भारूड, पथनाट्य व्हावे. कलावंतांत मजूर असावेत आणि त्यांना बुडालेल्या मजुरीइतके मानधन मिळावे. कार्यक्रमाला पुरवठा निरीक्षक व अंगणवाडी सेविकांनी हजर राहून तक्रारी जागेवरच लिहून घ्याव्यात, ही आमची मुख्य मागणी आहे. नुसत्या करमणुकीला आम्ही येणार नाही. हंगामात दुकानांना वाढीव धान्य द्यावे, अंगठा न उमटल्यास पर्यायी नोंद करावी, गरोदर मजूर बायांची नावे स्थानिक अंगणवाडीत घ्यावीत आणि कायद्यातील सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत मजुरांच्या कथनासह व्हावे.

आंबियाची तोडणी सुरू होण्याआधी बैठक बोलावून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
संत्रा तोडणी मजूर व भजनी कलावंत, मोर्शी तालुका

प्रत : जिल्हा पुरवठा अधिकारी, अमरावती