पुण्यात घडलेली ‘ब्रिटिश’ छोटी गाडी आणि तिच्यावरचा खोटा आरोप

१/ ब्रिटनची एमजी रोव्हर ही मोटार कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली. तिच्या अखेरच्या वर्षांची कथा सांगताना एक निकाल अनेकदा ऐकवला जातो : पुण्याहून आणलेल्या स्वस्त भारतीय गाडीने रोव्हरचे नाव घालवले. हा निकाल सोयीचा आहे, परंतु खरा नाही. तारखा ओळीने मांडल्या की तो उभा राहत नाही.

२/ त्या गाडीचे नाव सिटीरोव्हर. ती २००३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये विक्रीस आली. मुळात ती टाटांच्या पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यात तयार होणारी इंडिका. तिला निराळी जाळी, निराळे बंपर, ब्रिटिश रस्त्यांसाठी फेरजुळणी केलेले सस्पेन्शन आणि रोव्हरचे बोधचिन्ह लाभले. इंजिन १.४ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे.

३/ रोव्हरला परक्याची गाडी का घ्यावी लागली? उत्तर बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यात आहे. १९२२ मध्ये याच कारखान्याने ऑस्टिन सेव्हन ही सामान्यांची छोटी गाडी दिली. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोल दुर्मीळ झाले, आणि त्या निकडीतून अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी जेमतेम तीन मीटर लांबीची मिनी रेखाटली.

४/ मिनी १९५९ मध्ये बाजारात आली आणि २००० पर्यंत बनत राहिली. एकूण ५३ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. परंतु आरंभीची किंमत ५०० पौंडांच्याही आत होती. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी सुटी करून हिशेब मांडला, तेव्हा ती प्रत्येक गाडीमागे तोट्यात विकली जाते असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गाडी अलौकिक होती, हिशेब कच्चा होता.

५/ पुढे मालक बदलत गेले. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली; १९७५ मध्ये ती सरकारजमा झाली; १९८८ मध्ये ब्रिटिश एअरोस्पेसकडे गेली, १९९४ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर अवघ्या १० पौंडांना फिनिक्स नावाच्या गटाच्या हवाली केली.

६/ मात्र मिनीचे नाव बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवले. रोव्हरची दुसरी छोटी गाडी, म्हणजे मेट्रोची वंशज रोव्हर १००, १९९७ च्या युरोपीय अपघात चाचणीत सपशेल नापास होऊन आधीच बंद पडली होती. ज्या कारखान्याने जगाला छोटी गाडी शिकवली, त्याच्याकडे आता एकही छोटी गाडी नव्हती, आणि नवी घडवण्याइतका पैसाही नव्हता.

७/ इकडे पुण्यात चित्र उलटे होते. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन जहाजाने आणली आणि पुन्हा उभी केली. बाह्यरूप ट्युरिनच्या आयडिया या संस्थेच्या साहाय्याने ठरले. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका सादर झाली आणि आठवड्याभरात १ लाख १५ हजारांच्या आसपास मागण्या नोंदवल्या गेल्या.

८/ पहिल्या गाड्यांत दोष होते आणि ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. अभियंत्यांनी त्या तक्रारी झटकल्या नाहीत. ‘व्ही टू’ ही सुधारित आवृत्ती काढली आणि बाजार परत मिळवला. सिटीरोव्हरच्या पाठीशी हा शिकण्याचा अनुभव होता.

९/ रोव्हरशी करार झाला तो डिसेंबर २००२ मध्ये. त्याच वर्षी नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली होती. स्वतःची गाडी स्वतः घडवण्याची हिंमत त्या काळी महाराष्ट्राच्या दोन शहरांत एकाच वेळी दिसत होती. लाँगब्रिजला मात्र ती उसनी घ्यावी लागत होती.

१०/ मग चूक कुठे झाली? किमतीत. सिटीरोव्हरची सुरुवातच ६,४९५ पौंडांपासून झाली. मूळ इंडिका तोवर पाच वर्षे जुनी होती, आणि समोर २००४ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ठरलेली नवीकोरी फियाट पांडा उभी होती. पुढे किंमत उतरवावी लागली. पण तोवर गाडीची छी-थू झाली होती.

११/ बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ला चाचणीसाठी गाडी देण्यास रोव्हरने नकार दिला. तेव्हा जेम्स मे गिऱ्हाईक बनून विक्रेत्याकडे गेले, छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले आणि गाडीचे वाभाडे काढले. आपल्याच मालावर विश्वास नसलेला दुकानदार आणखी कोणता पुरावा देणार?

१२/ सिटीरोव्हर निर्दोष होती, असे कोणी म्हणू नये. तिचे अंतरंग साधे होते, प्लास्टिक हलके होते. भारतात परवडणारी गाडी म्हणून ते क्षम्य होते, कारण किंमत तशी होती. तीच गाडी युरोपीय दराने विकायची, हा निर्णय पुण्यातील जोडणीपट्ट्यावर झाला नाही. तो लाँगब्रिजच्या कचेरीत झाला.

१३/ आता मुख्य मुद्दा. बीएमडब्ल्यूने रोव्हर सोडली २००० मध्ये, सिटीरोव्हर आली २००३ मध्ये. रोग आधीचा, औषध नंतरचे. औषध लागू पडले नाही, हे मान्य. परंतु रोगाचे खापर औषधावर फोडणे हा इतिहास नव्हे. लाँगब्रिजच्या सुमारे ६,००० कामगारांची नोकरी गेली, ती दशकानुदशकांच्या कारभारामुळे.

१४/ या आरोपामागचा दुटप्पीपणाही ओळखला पाहिजे. मिनी यशस्वी झाली की ती ब्रिटिश प्रतिभा. सिटीरोव्हर फसली की ती भारतीय निकृष्टता. चिन्ह तर दोन्ही वेळा ब्रिटिशच होते.

१५/ उलट्या बाजूची दंतकथाही तितकीच पोकळ आहे. जून २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतली, तो ‘रोव्हरच्या अपमानाचा सूड’ असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु लँड रोव्हर २००० पासून फोर्डकडे होती. बुडालेल्या एमजी रोव्हरपासून ती वेगळी झालेली होती. एमजी रोव्हरची मालमत्ता २००५ मध्येच चीनच्या नानजिंग कंपनीने घेतली होती.

१६/ खरी गोष्ट या दोन्ही कथांहून विलक्षण आहे. ‘रोव्हर’ हे नाव फोर्डने २००६ मध्ये बीएमडब्ल्यूकडून विकत घेतले होते. २००८ च्या व्यवहारात तेही टाटांकडे आले. ज्या नावाला पुण्याच्या गाडीने बट्टा लावला म्हणतात, ते नाव आज पुण्याच्या गाडीच्या मालकांकडेच आहे, आणि त्या नावाची एकही गाडी निघत नाही.

१७/ इंडिका २०१८ मध्ये थांबली. तिच्याविषयी बोलताना पिंपरीच्या कामगाराच्या वाट्याला लाँगब्रिजच्या चुका घालू नयेत, आणि त्याच्या श्रमांना सुडाच्या कथेचे तोरणही बांधू नये. आधी दर विचारावा, मग साल विचारावे, आणि त्यानंतरच दोषी ठरवावा.