टिकटिक गाण्यात आहे की संगणकात?

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी वैशाखातली, आणि वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात. अशा दुपारी लॅपटॉप लावून आजीची गाणी रेकॉर्ड करायला बसलं, की थोड्या वेळात सुरामागे बारीक टिकटिक सुरू होते. मध्येच एखादं अक्षर तुटतं. मग खापर माईकवर फुटतं, नाहीतर केबलवर. दुकानात दाखवलं तर नवा लॅपटॉप घ्यायचा सल्ला मिळतो. पुष्कळदा यातलं काहीच बिघडलेलं नसतं.

सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. संगणक ते थोडे थोडे करून साउंड कार्डाशी देवाणघेवाण करतो. मधला साठा म्हणजे बफर. तो २५६ नमुन्यांचा असेल तर जेमतेम सहा मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, की लहर मध्येच तुटते आणि कानाला टिक ऐकू येते. प्रोसेसर फार तापला तर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल तर ही वेळ लवकर येते. खान्देशात धुळीला काय तोटा!

निदान सोपं आहे. फाइलमधली तीच जागा दोन-तीनदा वाजवावी. टिक दर वेळी त्याच अक्षरावर आली तर ती रेकॉर्डिंगमध्येच आहे. जागा बदलत असेल तर फाइल निर्दोष आहे, वाजवणारा संगणक अडखळतोय. मग वायफाय बंद करावं, विंडोजमध्ये पॉवरची सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर न्यावी, बफर १,०२४ करावा. लॅटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर कुठला ड्रायव्हर आडवा येतोय तेही दाखवतं. गायक हेडफोनवर स्वतःचा आवाज ऐकत गात असेल तेव्हा लहान बफर लागतो. जुनी कॅसेट संगणकात उतरवताना त्याची काहीच गरज नाही, तरी गाण्यासाठी ठेवलेली सेटिंग तशीच राहून जाते. सलग गुणगुण ऐकू येत असेल तर मात्र दुखणं वेगळं. तिथे आधी अर्थिंग तपासावं.

टिक रेकॉर्डिंगमध्येच उतरली असेल तर गोष्ट गंभीर आहे. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये टिका पुसायची सोय आहे, पण ढोलकीची थापही तितकीच टोकदार असते आणि सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक दर वेळी कळत नाही. जास्त पुसलं की थाप बोथट होते. म्हणून साफ केलेली प्रत वेगळी आणि मूळ फाइल वेगळी ठेवलीच पाहिजे.

एवढा आग्रह कशासाठी? बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि पितांबर चौधरींनी कागदावर उतरवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघू शकलं. पण कागदावर शब्द राहतात; चाल आणि बोलीचा हेल राहत नाही. कानबाईची गाणी, वहीगायन, आखाजीची गौराई हे सगळं आवाजातच जगतं. ज्या कॅसेटींवर ते आहे त्यांची फीत जुनी होत चालली आहे आणि डेक दुरुस्त करणारे कारागीर कमी होत आहेत. कित्येक कॅसेटींना उतरवून घेण्याची संधी एकदाच मिळेल.

हे काम हौशी नातवंडांवर सोडून चालणार नाही. बहिणाबाईंचंच नाव मिरवणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाने आणि खान्देशातल्या महाविद्यालयांनी ते अंगावर घ्यावं, विद्यार्थ्यांना त्याचे गुण द्यावेत. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची किमान शिफारस ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटची आहे. आजचं साधं ऑडिओ इंटरफेसही तेवढं देतं. वेव्ह फाइल ठेवावी, एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. आणि रेकॉर्डिंग झाल्या झाल्या, गाणारी बाई अजून तिथेच बसलेली असताना, सगळं हेडफोन लावून ऐकावं. टिक सापडली तर तेवढं कडवं तिच्याकडून लगेच पुन्हा म्हणवून घेता येतं.