गाव महानगरपालिकेत गेले, तर तुमच्या योजनांचे काय होते?

कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरचे नाव पूर्वी एकदा बदलले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या शहाजीराजांनी हे गाव विद्वानांना दान दिले आणि ते शहाजीराजपुरम् म्हणूनही ओळखले जाऊ लागले. पण गावाचे नाव बदलणे वेगळे आणि त्याचा कायदेशीर दर्जा बदलणे वेगळे. ग्रामपंचायत महानगरपालिकेत विलीन झाली, तर गावातल्या माणसाचे काही हक्क बदलतात.

सध्या काय चालले आहे?

2021 मध्ये कुंभकोणम महानगरपालिका झाली आणि दारासुरम नगर पंचायत तिच्यात विलीन झाली. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने 16 महानगरपालिकांची हद्द वाढवण्यासाठी 149 ग्रामपंचायती त्यांना जोडण्याचा प्रस्ताव जाहीर केला. त्याच महिन्याच्या 5 तारखेला तंजावरसह 28 जिल्ह्यांतील ग्रामीण स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. म्हणजे गावाच्या दर्जाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा गावाच्या वतीने बोलणारा निवडून आलेला अध्यक्षच खुर्चीवर नव्हता.

‘दारासुरमचे काय बिघडले?’ असे कोणी विचारेल. पण दारासुरम आधीच नागरी संस्था होती. तिथे ग्रामीण योजना नव्हत्याच, त्यामुळे त्या बंद होण्याचा प्रश्नही आला नाही. तिरुविसनल्लूरसारख्या ग्रामपंचायतीला तो दाखला लागू पडत नाही.

काय थांबते?

• मनरेगाचे काम: हा कायदा नागरी संस्थेच्या हद्दीत लागू होत नाही. तमिळनाडूत 2025-26 चा मजुरी दर दिवसाला 336 रुपये होता. त्या दराने वर्षाचे पूर्ण 100 दिवस काम मिळणाऱ्या कुटुंबाचे 33,600 रुपये गेले असते. राज्याची नागरी रोजगार योजना निवडक ठिकाणी सुरू झाली. तिला मनरेगासारखी कायद्याची हमी नाही.
• ग्रामीण घरकुल: प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि राज्याची ‘कलैञरिन कनवु इल्लम’ या योजना ग्रामीण भागासाठी आहेत. शहरी आवास योजनेचे निकष वेगळे आणि अर्जही वेगळा.
• ग्रामसभा: वर्षातून सहा वेळा भरणारी ग्रामसभा उरत नाही. तिच्या जागी प्रभागातली क्षेत्रसभा येते.

काय चालू राहते?

रेशन कार्ड, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आणि महिलांना दरमहा मिळणारी 1,000 रुपयांची ‘मगळिर उरिमै तोगै’ ग्रामपंचायतीवर अवलंबून नाहीत. गाव विलीन झाले म्हणून त्या बंद होत नाहीत. ‘आता नाव कमी होईल’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

मग विलीनीकरण वाईटच का?

तसे नाही. रस्ते, सांडपाणी, कचरा आणि पाणीपुरवठा यांसाठी महानगरपालिकेकडे पैसा आणि तज्ज्ञ अधिक असतात. मात्र कर आधी वाढतो आणि सोयी मागून येतात, अशी तक्रार अनेक गावांत ऐकू येते. पुण्यात 2017 मध्ये 11 गावे महापालिकेत घेतली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची येथे मिळकतकराविरुद्ध नाराजी वाढत गेली आणि 2024 मध्ये ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. आत गेलेले गाव बाहेर यायला सात वर्षे लागली.

आत्ता काय कराल?

1. सूचना फलकावरचे तमिळ शब्द ओळखा: ‘ऊराट्ची’ म्हणजे ग्रामपंचायत, ‘पेरूराट्ची’ म्हणजे नगर पंचायत, ‘नगराट्ची’ म्हणजे नगरपालिका, ‘मानगराट्ची’ म्हणजे महानगरपालिका.
2. हरकतीची मुदत वाचा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.
3. ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: मंजूर झालेली, पण अपुरी घरकुले कोण पूर्ण करणार? मजुरीची थकबाकी कोण देणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.
4. जॉब कार्ड, घरकुल मंजुरीपत्र आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या प्रती जपून ठेवा.

शासकीय आदेश निघाल्यावर हरकतीची वाट अरुंद होते. म्हणून हे प्रश्न त्याआधीच विचारा.